तिसरा हात

तिला गल्लीत सगळे चांदीबाई म्हणायचे. अंगावर चांदीचा मणीसुद्धा नव्हता हो. बोटं तेवढी कायमची तपकिरी. मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाला ती ब्रशने चांदीचं द्रावण लावायची, वर काचेची जुनी निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायची आणि फोटो उमटवायची. ते द्रावण कातडीला लागलं की आधी काही दिसत नाही. ऊन लागलं की डाग चढतो, आणि मग साबणही हात टेकतो.

एका सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे काका आले. फडक्यात गुंडाळलेली काच त्यांनी जपून टेबलावर ठेवली.

"माझी धाकटी बहीण. तळ्याच्या पायऱ्यांवर उभी आहे. माझ्या डोळ्यांचं आता काही खरं नाही. त्याआधी तिचा चेहरा एकदा नीट बघायचाय."

"कुठे असतात त्या?"

"फोटो काढला त्याच दुपारी बुडाली. मी वरच्या पायरीवर होतो. ती हात मागत होती... घाबरलो. नाही दिला."

चांदीबाई काच पुसून कामाला लागली.

पहिला कागद फिका निघाला. फ्रॉक दिसत होता, दोन्ही हात अंगालगत होते, चेहरा मात्र धुक्यात. काकांनी कागद नाकाला लावून पाहिला आणि खट्टू झाले.

"एवढ्यात तोंड पाडू नका, काका. द्रावणाचा एकच हात दिलाय. तो वाळल्यावर दुसरा दिला की रंग भरतो."

"मग द्या की दुसरा हात."

दुसऱ्या कागदावर रंग असा चढला की पायऱ्यांच्या फटी मोजून घ्याव्यात. चेहरा निम्मा उमटला. पण मुलीचा उजवा हात कोपरात वाकला होता. चांदीबाईने काच उजेडाकडे धरून पाहिली. काचेत हात खालीच होता. खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण बाईचा स्वभावच चौकस, तिला राहवेना.

तिसरा हात तिने कधी कुणाला दिला नव्हता, कारण कागदाचा लगदा होतो. आज दिला. काच-कागदाची चौकट खिडकीत उन्हाला लावली, तेव्हा खोलीत शेवाळाचा ओला वास सुटला. काका खुर्चीतून हलले नव्हते.

या वेळी चेहरा लख्ख आला, पुढच्या पडलेल्या दातासकट. हात सरळ समोर पसरलेला.

"हीच... हीच ती," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

कागद धुवायला पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला. काका ट्रेवर वाकले. "आता देतो गं," असं पुटपुटत त्यांनी पंजा पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"संध्याकाळी या, वाळला की देते."

"आता कागद कशाला?" ते शांतपणे म्हणाले आणि निघाले.

चांदीबाई दारापर्यंत गेली. उन्हात काकांच्या मनगटावर, पाणी जिथे पोचलंच नव्हतं तिथे, चार बारीक बोटं आणि एक अंगठा उमटत होता. ठसा पावलागणिक गडद होत होता.

काकांचं घर डावीकडे होतं. ते उजवीकडे वळले, तळ्याच्या रस्त्याला. तिने हाक मारली, पण ते थांबले नाहीत. एक खांदा थोडा झुकवून ते सावकाश चालले होते, बरोबरच्या लहान मुलाला पावलं टाकता यावीत इतके सावकाश.