फाशांना मारलेली थाप

बारा वर्षं पोकर खेळून संसार चालवलेल्या माणसाला क्लबात सगळे ‘पत्तेवाला’ म्हणत, आणि त्यात तुच्छता अजिबात नव्हती असं म्हणता यायचं नाही. बॅकगॅमनचा, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पटाबाहेर काढायच्या विलायती खेळाचा, हा क्लब वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. आठ टेबलं, आठ पट, प्रत्येक पटावर दोघा खेळाडूंचे दोन-दोन फासे, हिरव्या कापडाचा जुनकट वास आणि खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. बायकोला रोज जेवायच्या वेळी घरी नवरा हवा होता, म्हणून पत्तेवाला पोकर सोडून इथे आला होता. आणि खरं सांगायचं तर सुखात होता.

शक्यता तो बोटांची मदत न घेता मोजी. बैठक पक्की. हरला तरी चेहऱ्यावरची रेष हलत नसे. अडचण एवढीच, की त्याची खरी विद्या इथे फुकट होती. पटावर सगळंच उघडं! सोंगट्या दोघांना दिसतात, फासे दोघांना दिसतात. थाप मारायची कुणाला?

मेहुण्याला मात्र शब्द दिला होता. वर्षभरात एक तरी स्पर्धा जिंकायची, नाहीतर सोमवारपासून त्याच्या फरश्यांच्या दुकानात बसायचं. वर्षातली शेवटची स्पर्धा आज होती, आणि मेहुणा जातीने हजर होता.

“भावोजी, टेन्शन घेऊ नका. काउंटरमागे तुमच्यासाठी गादीची खुर्ची सांगून ठेवलीय.”

सेमीफायनलला समोर दातांचे निवृत्त डॉक्टर आले. जन्मभर तोंड उघडून बसलेल्यांशी बोलल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसे. ते बोलत होते, खेळत होते आणि जिंकत होते.

पत्तेवाल्याची एक सोंगटी मार खाऊन बाहेर बसली. आत यायला चारच हवे होते. त्याने फाशांचा पेला उचलला आणि जुन्या खोडीने, चार आधीच पडलेत अशा थाटात निवांत बसला.

चार पडले.

पुढच्या वेळी तीन हवे होते. तीन पडले. मग पाच. डॉक्टर बोलायचे थांबले.

“अहो, बघताय कुणाकडे?”

“कुणाकडेच नाही.”

ते खरंच होतं. पण कोणीतरी आपला चेहरा वाचतंय आणि त्याला ती थाप पटतेय, हे पत्तेवाल्याला जाणवत होतं. बारा वर्षांत ही जाणीव कधी चुकली नव्हती. डॉक्टर तर मान खाली घालून बसले होते.

शेवटी डॉक्टरांच्या दोनच सोंगट्या उरल्या, पुढच्या फेकीला पटाबाहेर नक्की निघणाऱ्या, आणि आधी सगळ्या काढेल तो जिंकणार. पत्तेवाल्याच्या चार, चारही सहाव्या घरात. जोडी पडली की दोनाऐवजी चार चाली मिळतात, म्हणजे सहा-सहाच हवे. छत्तीसात एकदा.

त्याने खुर्चीला पाठ टेकली. जांभईसुद्धा दिली.

पेला हलवला. फाशांचा आवाज झाला नाही.

सहा-सहा.

फायनल चहानंतर होती. पत्तेवाला खुशीत आला, आणि पोकरवाल्यांचा जो दोष तोच त्याला नडला. थाप मारून डाव जिंकला की यांना हातातले पत्ते पालथ्याचे उताणे करून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

“डॉक्टर, गंमत सांगू? माझ्याकडे काही नव्हतं. थाप मारली.”

“कुणाला?”

“यांना!” त्याने हसत पटाकडे बोट केलं.

मेहुणाही हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

पटावर सहा-सहा नव्हते. एक-एक होते.

“कुणी हात लावला?”

कुणीच नाही.

त्याने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. मग त्याच्या पलीकडच्या. सगळे चहाला उठलेले, खुर्च्या रिकाम्या.

“भावोजी, फायनलला तुमचं नाव पुकारलं.”

तो उठला नाही. आठ टेबलांवर बत्तीस फासे होते. प्रत्येकावर एकच काळा ठिपका होता, बुबुळाएवढा, आणि तो त्याच्याकडेच बघत होता.