मुकुलच्या मॅचची रेफरी

शमिका त्या क्लबमध्ये गेली ती फक्त मैत्रिणीची, निधीची, विसरलेली बॅग द्यायला. आतल्या कोर्टवर दोन मुलं रॅकेटबॉल खेळत होती. चारही बाजूंनी भिंती, मागची तेवढी काचेची. निळ्या टी-शर्टवाल्यानं झेपावून बॉल मारला आणि मूठ उंचावली.

"दोन टप्पे पडले," शमिका सहज बोलून गेली.

काचेचं दार उघडंच होतं. तो वळला. घामानं कपाळाला चिकटलेले केस, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"मॅडम, तुम्ही रेफरी आहात?"

"नाही. पण डोळे आहेत ना!"

"मग बनून जा की! आमच्याकडे रेफरीच नाही कोणी. रोज झगडे होतात भिया."

"भिया? मी कुणाचा भाऊ नाही."

"हो... ते तर दिसतंच आहे," तो म्हणाला, आणि दोघंही उगाचच लाजले.

त्याचं नाव मुकुल. ती शाळेत गणित शिकवायची. गंमत म्हणून तिनं नियमांचं पुस्तक आणलं आणि त्यात रमूनच गेली. रेफरीची लेखी परीक्षा सहज झाली. राहिलं प्रॅक्टिकल – परीक्षकांसमोर मोठ्या आवाजात निर्णय देत एक पूर्ण मॅच चालवायची. तिथंच घोडं अडलं. शमिकाच्या घरात पिढ्यानपिढ्या होळकरांच्या कचेरीत मान खाली घालून केलेली नोकरी. आवाज चढवणं कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी मुकुल तिच्यासाठी मुद्दाम आखूड पडणाऱ्या, चुकीच्या सर्व्हिस करायचा.

"शॉर्ट," ती म्हणायची.

तो कानाशी हात न्यायचा. "काय? ऐकू नाही आलं."

"शॉर्ट!"

"अजून जोरात. सियागंजच्या बाजारात उभी आहेस, असं समज."

ती चिडायची, तो हसायचा. सराव संपला तरी पार्किंगमध्ये गप्पा चालायच्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. निरोप घेताना त्याची नजर जरा जास्तच रेंगाळायची... पण मनातलं मात्र कुणीच बोलत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बडोद्याहून परीक्षक जयसिंगराव सर आले. पांढऱ्या मिशा, मोजकं बोलणं. क्लबची फायनल शमिकानं चालवायची होती. फळ्यावर नावं लागली – मुकुल विरुद्ध ऋषभ.

शमिकानं नावं पुन्हा वाचली. ही मॅच सोडली तर परीक्षा थेट पुढच्या वर्षी. ती क्षणभर थांबली, मग कोर्टवर सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, ही मॅच मला घेता येणार नाही. एका खेळाडूच्या बाबतीत... मी तटस्थ नाही."

"नातेवाईक आहे?"

"नाही."

"मग भांडण?"

"नाही सर. मुकुल... मला आवडतो!"

चार भिंतींत तिचा आवाज खणखणीत घुमला. दाराशी बुटाची लेस बांधत बसलेला मुकुल तसाच बसून राहिला.

सरांनी मिशीवरून हात फिरवला. "ऋषभ, तुमची हरकत?"

"मला काय हरकत असणार, सर!" ऋषभ हसला. "आता ही त्यालाच डबल कडक होईल."

"मग घ्या मॅच," सर म्हणाले.

शेवटच्या गेममध्ये ऋषभला एकच पॉइंट हवा होता. त्यानं रॅकेट उगारली, पण मुकुल त्याच्या वाटेतून हललाच नाही.

"पेनल्टी हिंडर, वाट अडवली! पॉइंट ऋषभ. मॅच!"

"शमिका, सरकायला जागाच नव्हती यार!"

"जागा होती," ती म्हणाली. आवाज हलला नाही.

मुकुलनं ऋषभशी हात मिळवला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

सरांनी तिला पास केलं, निधीनं मिठी मारली. शमिका हसली... पण डोळे दाराकडेच होते.

ती बाहेर आली तेव्हा मुकुल स्कूटरला टेकून उभा होता.

"जागा नव्हती," तो म्हणाला.

"होती."

"कप गेला माझा."

"माहीत आहे. वाईट पण वाटलं."

तो पायानं खडा लोटत राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि ते... सरांना सांगितलंस ते? त्यावर पण ठाम?"

"ठाम," शमिका म्हणाली. कान तापले होते, पण या वेळी तिनं नजर खाली घेतली नाही.

"आईला फोन केला होता आत्ता. सांगितलं, हरलो. ती म्हणाली, मग इतका खुश का आहेस रे?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं... घरीच घेऊन येतो तिला, तूच बघ."

 शमिकानं हेल्मेटसाठी हात पुढे केला.