मुखरूचा नंबर

साक्षी, दार लोट जरा, गार हवा येऊन राह्यली. आन् आयुष, तुह्या तो मोबाइल ठेव खिशात. भूत मोबाइलवरच पाहाचं असन तर इथी कशाले बसला? मी सांगून राह्यलो ते घडलेलं आहे. ज्याच्यासंगं घडलं तो अतुल माह्या चांगल्या ओळखीचा. पोरगा वाईट नाई. फक्त एक खोटं बोलला.

गडचिरोलीत एक कला केंद्र आहे. नाव नाई सांगत, उगाच कोणाच्या तोंडाले काऊन लागा? तिथी सिनेमे दाखवतात, चित्रं लावतात, आन् मंग चर्चा करतात. सगळी मांडामांड अतुलच करे. यंदाच्या जानेवारीची अठरा तारीख, रविवार, पौषातली अमावस्या. दुसऱ्या दिवशी मुखरूभाऊची श्रद्धांजली सभा होती. म्हणून अतुल रात्री दहाच्या सुमारास केंद्रात गेला. खुर्च्या लावायच्या, माइक तपासायचा आन् घरी यायचं, एवढंच काम.

आता मुखरूभाऊ कोण? वडसा रोडनं जंगलात आत एक गाव आहे, तिथल्या दंडारीतला नाच्या. दंडारीत पुरुषच लुगडं नेसून नाचतात, हे तुमाले मालूम आहे. पण मुखरू नाचाले लागला की बायाच म्हणत, अगे माय, आपल्याले नाई असं चालता येत! त्यायच्या मंडळाची एक रीत होती. तोंडाले रंग लावला की खेळ केल्याशिवाय पुसायचा नाई. आधी लोकायले तोंड दाखवायचं, मंगच पाणी लावायचं.

महिन्याआधी केंद्रात कार्यक्रम झाला. आधी दंडारीवरची फिल्म, मंग चर्चा, शेवटी मुखरूचा खेळ. अतुलनंच बोलावला होता त्याले. आन् चर्चेचा विषय काय, तर लोककला वाचवायची कशी! पाहुणे बोलले, बोलले... एकाचं संपलं की दुसऱ्याले कंठ फुटे. इकडं मुखरू रंग लावून, लुगडं नेसून पडद्यामागं उभा. घडीघडी मान बाहेर काढे.

"भाऊ, आला का माह्या नंबर?"

"आता येते भाऊ, बसा."

ढोलकीवाले शेवटच्या बसनं निघून गेले. मुखरू थांबला. मंग हॉल बंद करायची वेळ झाली. पाहुण्यायले जेवाले न्यायचं होतं, अतुलले घाई. म्हणते कसा, "पुसा भाऊ तो रंग. पुढच्या वेळी पक्कं."

"खेळ नाई केला त कसा पुसू, भाऊ?"

अतुल पाहुण्यायच्या गाडीत बसला आन् गेला. म्हातारा घरी कसा जाईन, हे विचारलंही नाई.

सकाळी मुखरू रस्त्याच्या कडेले सापडला, सागाच्या बुंध्याले टेकून बसलेला. थंडीनं गेला का छातीनं, देव जाणे. तोंडावर रंग तसाच. त्याची बायको अन्नपूर्णाबाई, तिनं आपल्या पदरानं एकदा पुसलं आन् तिच्यानं पुढं पुसवलं नाई. अतुल समोरच उभा होता.

एवढं पाहूनही, केंद्राच्या समितीनं विचारलं खेळ काऊन नाई झाला, तर याच्या तोंडून काय निघालं? "पेलेले होते. म्हणून स्टेजवर नाई चढवलं."

झालं! आपला जिल्हा दारूबंदीचा. गोष्ट गावोगावच्या मंडईत, म्हणजे दंडारी होतात त्या जत्रायत, फिरली. मुखरूच्या मंडळाले कोणी बोलवेना. बाजारात बाया अन्नपूर्णाबाईकडं पाहून तोंडाले पदर लावत. मेलेला माणूस काय जबाब देईन? आन् उद्या याच अतुलले त्याच्या फोटोले हार घालायचा होता. जीव आतल्या आत खाऊन राह्यला होता त्याचा. पण खरं बोलावं तर नोकरी जाते, चार लोकायत मान खाली जाते. म्हणून गप्प.

तर रविवारची ती रात्र. चौकीदार घरी जेवाले गेलेला. अतुलनं खुर्च्या लावल्या. माइक हातात घेतला.

"हॅलो... हॅलो..."

पडद्यामागून आवाज आला.

"भाऊ, आला का माह्या नंबर?"

त्याले वाटलं, फिल्म लागली असन. पाह्यलं तर लॅपटॉप अजून पिशवीतच.

पडद्याची कड हलली. आधी लुगड्याचा काठ. मंग हात. मंग तोंड... रंगवलेलं. मधातून एकच पट्टा पुसलेला.

अतुलले पळायचं होतं.

"आला का?"

...

"आला, भाऊ. चढा."

तो नाई चढला. रिकाम्या खुर्च्यायकडं पाहत उभा राह्यला. मंग हळूच...

"पेलेल्या मानसाचा खेळ कोन पाह्यन, भाऊ?"

अतुलले रडू फुटलं. माइक तसाच हातात.

"तुमी पेले नव्हते... मी खोटं बोललो, भाऊ. मीच बसवून ठेवलं तुमाले. मीच पुसा म्हणलं. मीच..."

लाईन गेली.

अंधार.

बाजूनं कोणीतरी गेलं. लुगड्याची सळसळ... दाराकडं.

मंग काईच नाई.

पहाटे अतुलनं गाडी काढली आन् सरळ मुखरूचं गाव गाठलं. अन्नपूर्णाबाईचे पाय धरायचे होते. पण खरं सांगतो, मनात चोर होताच. बाईच्या कानात सांगू, घरातल्या घरात मिटन, सभेत बोलाचं काम नाई, असा हिशेब होता त्याचा.

चौकात पाहते तर सारं गाव बसलेलं. म्हातारे, बाया, लेकरं. खेळाले बसतात तसे पोते, चटया आथरून, गोल करून. अन्नपूर्णाबाई पुढं.

"बाई, मले तुमाले काही सांगाचं होतं..."

"आयकलं," बाई म्हणाली.

"काय आयकलं?"

"सारंच. आधी हॅलो हॅलो केलं तुमी. मंग रडले. साऱ्या गावानं आयकलं, तवापासून इथीच बसून आहे."

त्या गावात भोंगा नाई. लाईन सांजेपासूनच बंद. आन् मधात एवढं जंगल! अतुल मातीतच बसला.

बाई म्हणाली, "तो पेत नव्हता हे आमाले मालूमच होतं, भाऊ. ज्यायले मालूम नाई, त्यायले सांगा."

संध्याकाळी भरल्या सभेत त्यानं सांगतलं. नोकरी गेली. लोक काय काय बोलले, तेही त्यानं आयकून घेतलं. मले म्हणाला, "भाऊ, तरी झोप नाई येत."

पण मी सांगून राह्यलो ते सकाळचं. बाईनं त्याले बोट करून दाखवलं. माणसायच्या गोलात, मधातल्या मातीत, पावलं होती. नाचलेली. टाचा रुतलेल्या.

"कोन नाचलं, बाई?"

"अंधार होता, भाऊ. आमी नुसते पाय आयकले."

दुसऱ्या दिवशी मी सोता जाऊन पाह्यली ती पावलं. गोलाच्या आत येणारं एक नाई. बाहेर जाणारंही... एक नाई.