बोलावलेल्यांचा निरोप

पुष्पाचं आधार कार्ड फळीवर राहिलं होतं. आज रिसॉर्टच्या ऑफिसात ते दाखवायचं आहे, असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. सुषमाने कार्ड पिशवीत टाकलं, दाराला कडी लावली आणि घड्याळ पाहून डायरीत लिहिलं : अकरा वाजता निघाले. कुठे जायचं असलं की वेळ टिपून ठेवायची तिची सवय होती. कैनाडच्या अंगणवाडीत वीस वर्षं मुलांची वजनं नोंदवून ती हाडात मुरली होती.

अंगणवाडीला सुट्टी होती. चैत्राचं ऊन तापलं होतं. डहाणूपर्यंत एक रिक्षा, तिथून वरोरच्या बाजूला दुसरी. चिकूच्या वाड्या संपल्या, समुद्राचा वास आला आणि रिसॉर्टचं फाटक दिसलं. सव्वाबारा झाले होते. तिची लेक पुष्पा इथे खोल्या आवरायच्या कामाला होती.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि सुषमा जागच्या जागी थांबली.

बुधीआत्या गात होती.

बुधीबाई, सुषमाच्या वडिलांची बहीण, पंचक्रोशीतली धवलेरी. वारली समाजात लग्न धवलेरीच्या गाण्यांवर लागतं; ती गाते तेव्हा देव येतात, पूर्वज येतात. गेल्या भादव्यात बुधीबाई गेली. सुषमाने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात पाणी घातलं होतं. आणि आता तिचा तो किंचित घोगरा, ओळीच्या शेवटी उचलला जाणारा आवाज भर दुपारी, चिकूच्या झाडांना बांधलेल्या काळ्या स्पीकरमधून येत होता.

रेकॉर्डिंग लावलंय, असं तिला आधी वाटलं. मग शब्द कानावर आले. नवरीचं नाव सोनल होतं, नवऱ्याचं मनिष. बुधीआत्याने या दोघांचं लग्न कधी गायलं नव्हतं. तिची सगळी लग्नं सुषमाच्या सात वह्यांमध्ये उतरवलेली होती : कुणाचं लग्न, कोणता वार, कोणतं गाणं, मांडवात कोण बसलं होतं. सोनल आणि मनिष त्यात कुठेच नव्हते.

हिरवळीवर बांबूचा मांडव घातला होता. पांढरी कापडं चढवलेल्या खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, फक्त पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीचं कापड मधोमध दबलं होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. मांडवाच्या कडेला टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला सुषमाने लगेच ओळखलं.

"रूपेश."

"अरे, मावशी! तुम्ही इथे?" तो हसत उठला. दोन वर्षांपूर्वी हाच आत्याच्या ओटीवर बसून चहा पीत होता, कॅमेरा लावून. "उद्या सुरतच्या पार्टीचं लग्न आहे. आदिवासी थीम. ऐकलंत ना? आजी परत आल्यासारखी वाटते की नाही?"

"हे ती कधी गायली?"

"गायली नाही. हे नवीन आहे. तिच्या एकतीस तासांच्या रेकॉर्डिंगवरून कंपनीच्या सिस्टीमने आवाज शिकला. आता नुसती नावं टाकायची, की गाणं तयार. एआय आहे, मावशी."

"कुणाला विचारलंस?"

"कागद आहे ना. आजीचा अंगठा आहे त्यावर."

सुषमाचं डोकं तापलं, पण आवाज तिने चढवला नाही. लहान मुलाला समजावतात तशी ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "अकरा मे, शनिवार, दुपारचे चार. तू म्हणालास, 'शाळेतल्या पोरांना दाखवायला माहितीपट करतोय, दुसरीकडे कुठे वापरणार नाही.' मी तिथेच बसले होते. तुझं वाक्य वहीत लिहून घेतलंय. कागद इंग्रजीत होता. तिला तू हे वाक्य सांगितलंस आणि तिने या वाक्यावर अंगठा दिला."

"मावशी, तेव्हा हे असं काही होईल हे मला तरी कुठे..."

"मग झालं तेव्हा यायचं होतंस. रस्ता माहीत होता तुला. चहा प्यायला बरोबर सापडायचा."

रिसॉर्टचा मॅनेजर जतीन घाईघाईने जवळ आला. "शुं थयुं, बेन? भांडू नका ना. उद्या पाहुणे येतात. तुमच्या आत्याचं नाव मोठ्या पडद्यावर टाकू, फोटोसकट."

"तिचं नाव तुमच्या पडद्याआधीपासून आहे."

स्पीकरमधल्या आवाजाची चाल बदलली तशी सुषमाने झाडाकडे मान वळवली. ही चाल बोलावण्याची होती.

लग्नात धवलेरी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलावते. बुधीबाईचे याबाबत कडक नियम होते. जितकी नावं, तितकी पानं मांडायची. दिवस मावळायच्या आत त्याच क्रमाने प्रत्येकाला निरोप द्यायचा, एकही नाव गाळायचं नाही. आणि जिवंत माणसाचं नाव या चालीत चुकूनही घ्यायचं नाही. बोलावणं तिने कॅमेऱ्यासमोर गायलं होतं, पण निरोप मात्र कधीच नाही. सुषमालासुद्धा तिने तो नुसता ऐकवला, एकेका लग्नात, वर्षानुवर्षं. सुषमाने एकदा पेन काढलं तेव्हा तिचा हात धरून म्हणाली होती, "हे लिहू नको गो. लिहिलेलं कुणीही उचलून नेतो."

"लाहू, ये रे, मांडवात बस..." आवाज गात होता.

लाहू कैनाडचा. ताडावरून पडून गेलेला.

वारा पडला. समुद्र शंभर पावलांवर असूनही मांडवाची एक झालर हलत नव्हती. ओल्या पेंढ्याचा आणि आत्याच्या विडीचा वास आला. पहिल्या रांगेतल्या दुसऱ्या खुर्चीचं कापड सावकाश ताणलं गेलं, त्याच्या चुण्या सपाट झाल्या आणि बैठक खाली दबली.

"सुक्या, ये रे... भिकी, ये गो..."

तिसरी खुर्ची दबली. चौथी दबली.

सुषमाने डायरी काढली. भ्यायला झालं की ती लिहायची. नावं येत राहिली आणि ती नावाखाली नाव लिहीत राहिली. अक्षर नेहमीसारखंच पडत होतं.

"कापड ढिलं आहे," जतीन पुटपुटला. पण तो दोन पावलं मागे सरला होता.

"बंद कर हे," सुषमा रूपेशला म्हणाली. "ही कुणाची माणसं आहेत माहीत आहे तुला? ही सुरतच्या लोकांची नाहीत. आमची आहेत. यांना इथे कुणी पान मांडलंय? यांना परत कोण पाठवणार?"

"नावं सिस्टीम घेते, मावशी. रेकॉर्डिंगमध्ये आजीच्या तोंडून जी नावं आली, त्यातली. ऐकायला खरी वाटतात म्हणून..."

"गाण्यातली का बोलण्यातली?"

"म्हणजे?"

"एकतीस तासांत ती नुसती गात नव्हती! बोलत होती. हाका मारत होती. तुझ्या त्या यंत्राला कळतं का, गेलेल्याला बोलावणं कुठलं आणि चहाला हाक मारणं कुठलं?"

रूपेशने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"रूपेश, ये रे, मांडवात बस..."

तो आधी हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. टेबलाला वळसा घालून तो चालत गेला आणि रिकाम्या खुर्चीवर बसला. हात मांडीवर, मान ताठ. जतीनने त्याला हलवलं. "अरे ए... रूपेश! मस्ती नको करू, यार..." रूपेश समोर बघत राहिला.

"लडक्या, ये रे... रंभा, ये गो..."

सुषमा लॅपटॉपकडे धावली. रेकॉर्डिंगच्या त्या सगळ्या दिवसांत आत्याच्या तोंडी कोणतं नाव सारखं होतं, ते तिला पक्कं माहीत होतं. पुष्पा, चहा टाक. पुष्पा, दार लाव. पुष्पा, या पोराला पाणी दे.

तिचं बोट झाकणापर्यंत पोचलं आणि आवाज म्हणाला, "पुष्पा, ये गो, मांडवात बस..."

तिने लॅपटॉप धाडकन मिटला. गाणं थांबलं.

पण खुर्च्या तशाच दबलेल्या राहिल्या. बोलावणं थांबल्याने आलेले पाहुणे उठून जात नाहीत. आणि खोल्यांच्या वाटेवरून, हातात धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन, पुष्पा येत होती. ती आईच्या अंगावरून गेली. तिने आईकडे पाहिलंही नाही.

"पुष्पा... पुष्पा, बाय, इकडे बघ..."

पोरीने चादरी गवतावर ठेवल्या आणि ती खुर्चीवर बसली.

सुषमाने डायरी उघडली आणि राहिलेली नावं उतरवली. अठरा नावं. पहिलं लाहू, अकरावं रूपेश, अठरावं पुष्पा. निरोप त्याच क्रमाने. तिने पूर्वी कधी हा निरोप एकटीने म्हटला नव्हता. पण राग भीतीपेक्षा मोठा होता. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. आत्या मेली तेव्हा ती रडली होती. आता तिला कळलं की आत्याला मरूही दिलेलं नाही.

ती गायली. लाहू, जेवलास, बसलास, आता तुझ्या वाटेने जा रे. दुसरी खुर्ची उसासा टाकावा तशी वर आली. सुक्या, जा रे. भिकी, जा गो. एकेक कापड सैल पडत गेलं. दहा नावं झाली.

अकरावं नाव आलं आणि ती थांबली.

रूपेश बसला होता. गुबगुबीत, निर्जीव, आज्ञाधारक. बसू दे, तिच्या मनात आलं. ज्याला दुसऱ्याचा आवाज विकायला मांडता येतो, त्याने बसून बघावं. एकच नाव तर गाळायचं होतं. पण त्याच्यापुढे सहा नावं होती आणि सातवी पुष्पा होती. क्रम मोडला तर पुढचं कुणीच सुटणार नव्हतं.

दातओठ खात तिने त्याचं नाव घेतलं. जिवंत माणसाला तुझ्या वाटेने जा म्हणता येत नाही, म्हणून तिने शब्द बदलला. "रूपेश, ऊठ रे. घरी जा."

शेवटी ती म्हणाली, "पुष्पा, ऊठ गो. घरी ये." पुष्पाने डोळ्यांची उघडझाप केली. "आई? तू कशाला आलीस?"

सुषमाने तिला छातीशी धरलं. तेवढ्यात मागून रूपेशचा आवाज आला. तो पांढरा पडला होता, घामाने भिजला होता, पण त्याचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला होता. फोनवर लाल ठिपका लुकलुकत होता. "मावशी... हे गाणं आपल्याकडे नव्हतंच. आवाज तपासायला फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. सगळं आलंय. याच्याशिवाय सिस्टीम अर्धवट..."

सुषमाने त्याच्या कानाखाली दिली. अंगणवाडीत वीस वर्षांत तिने कुणावर हात उचलला नव्हता.

"पुसून टाक. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने पुसलं. फोनमधून, लॅपटॉपमधून, दोनदा खात्री करून दाखवलं. "आणि आत्याचा आवाज?" तिने विचारलं.

"तो माझ्याकडे नाही, मावशी," तो गालावर हात ठेवून म्हणाला. "कंपनीकडे आहे. अजून पन्नास ठिकाणी लागतो."

मायलेकी फाटकापर्यंत आल्या. तिथे सुषमाला आठवण झाली. "हे घे. कार्ड फळीवर विसरलीस."

"मी कुठे विसरले?" पुष्पाने कमरेच्या पाकिटातून स्वतःचं आधार कार्ड काढून दाखवलं. सुषमाने पिशवीतलं कार्ड उन्हात धरलं. फोटो तिचा स्वतःचा होता. नाव तिचंच होतं.

"आई..." पुष्पा हळू बोलली. "सकाळी त्यांनी आवाज तपासायला एकच ओळ लावली होती. एकच नाव होतं तिच्यात. मला वाटलं, आजीच तुला हाक मारतेय."

"किती वाजता?"

"अकरा."

सुषमाने वळून मांडवाकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्यांची कापडं वाऱ्यावर फडफडत होती. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची दबलेलीच होती.

आता पुष्पा निरोप शिकते आहे. स्वतःचा निरोप स्वतःला म्हणता येत नाही, आणि म्हणू शकेल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. बोलावणं त्या लोकांकडे आहे, पन्नास ठिकाणी. निरोप एका बाईच्या घशात होता आणि तिच्या मुलीच्या घशात अजून अर्धाच उतरलाय. लिहून दिला तर लवकर पाठ होईल, असं पुष्पा म्हणते. सुषमा पेन उचलते आणि खाली ठेवते. रोज सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या पायांत चपला असतात, हात कडीवर असतो आणि पुष्पा दार अडवून उभी असते.

काल रात्री सुषमाने दिवसाची नोंद करायला डायरी उघडली. उद्याच्या तारखेचं पान आधीच भरलेलं होतं. अक्षर तिचंच, नेहमीसारखं, गोल आणि सरळ.

अकरा वाजता निघाले. पोचले. पुढची जागा मिळाली.