दाराबाहेरचे काळे बूट

ही गोष्ट खरी आहे. मी जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. रचून सांगणं मला जमत नाही. तुमचा विश्वास बसला नाही तरी चालेल, माझाही पुरता बसत नाही.

गेल्या बारा ऑगस्टची भर दुपार. हवाई बेटांतलं हिलो, माझं राहतं घर.

याच तारखेला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, आमच्या राज्याचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला गेला.

दर वर्षी त्या दिवशी माझी थोरली बहीण मिलियामा आमच्या शेवटच्या, पदच्युत राणीचं आत्मचरित्र वाचत बसायची. बाराच्या ठोक्याला पुस्तक मिटून दाराकडे बघत आमच्या भाषेत गायची.

आमच्याकडे पाहुणा बाहेर थांबून, गाऊन आत यायची परवानगी मागतो. घरातल्याने गाऊन ती द्यायची.

पण बाहेर कोणीच नसायचं...

मार्चमध्ये मिलियामा गेली. जाण्याआधी पुस्तक माझ्या हाती दिलं. म्हणाली, "आत जबाब लिहून ठेवलाय. त्या दिवशी लाजत बसू नकोस. तिला ताटकळत ठेवू नकोस."

मी हो म्हणालो.

आमच्या वडिलांनी ही भाषा बोलल्याबद्दल शाळेत छड्या खाल्ल्या; त्यांनी ती आम्हाला शिकवलीच नाही. मिलियामा म्हातारपणी हट्टाने शिकली. मी नुसती वाचतो.

माझी बायको लेइमोमी बाजाराला निघता निघता म्हणाली, "हजार पुस्तकं वाचलीत. चार ओळी तोंडातून निघतील ना?"

बारा वाजले.

शेजारचे कोंबडे एकदम गप्प झाले. वारा होता, पण झावळ्या वाजेनात...

दाराबाहेर रेशमी कापड सळसळलं.

मग आवाज आला. थकलेला, म्हाताऱ्या बाईचा. ती आत येऊ का विचारत होती.

पुस्तकातली जबाबाची चिठ्ठी माझ्या हातात होती. अक्षर स्वच्छ. पण उच्चार चुकला तर? तिच्यासमोर?

तिने पुन्हा विचारलं.

देश घेणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. ती विचारत होती. आणि मी ओठ हलवत बसलो होतो...

तिसऱ्यांदा आवाज अगदी हळू आला. मग थांबला.

कोंबडे आरवले.

मी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर, आमच्या चपलांशेजारी, जुन्या घाटाचे काळे बूट. बटणांचे, लहानसे. टाचा बाहेर, टोकं घराकडे.

हात घालून पाहिला. आत ऊब होती.

लेइमोमीने परत येऊन विचारलं, "कोण आलंय?"

मी तिला बूट हलवू दिले नाहीत.

आता चारही ओळी तोंडपाठ आहेत. रोज बाराला दारात उभा राहून म्हणतो. पण कोणी विचारत नाही, आणि न विचारता दिलेल्या जबाबाला आमच्यात अर्थ नसतो.

बूट अजून तिथेच आहेत.

म्हणजे ती गेलेली नाही...

सकाळी हात घातला. अजून ऊब आहे.