लॉर्डसाहेबांचा उघडा हात

दिवा जरा अलीकडे घ्या, मला तुमचं तोंड दिसू दे. ही गोष्ट मी अंधाराशी बोलत नाही.

मी लॉर्ड मॉर्थवेटांचा खासगी नोकर, एलायस थॅकरे. त्या दिवशी दुपारी मी त्यांचे पांढरे हातमोजे झटकत होतो, कारण साहेब एका मयताच्या घरी समाचाराला निघाले होते. आदल्या दिवशी गावच्या चौकात, निवडणुकीला उभ्या असलेल्या पुतण्यासाठी त्यांची सभा झाली. विणकरांनी हुर्यो उडवली. साहेब घोड्यावरून गर्दीत घुसले, आणि जेब होल्डन नावाचा विणकर कपाळमोक्ष होऊन पडला. साहेब म्हणाले, घोड्यानं लाथ मारली. गाव म्हणालं, चाबकाच्या शिसं भरलेल्या मुठीनं मारलं. समाचाराच्या दुसऱ्याच दिवशी मतदान होतं. गावाचा संशय फिटला नाही, तर पुतण्या पडणार होता आणि त्या जागेच्या जोरावर टिकलेलं साहेबांचं मंत्रिपदही जाणार होतं.

जेबला त्याच्या घरी टेबलावर निजवलं होतं, छातीवर मयताच्या रिवाजाची मिठाची बशी. खोलीत ओल्या लोकरीचा आणि मेणाचा वास. बाहेर माणसं दगड घेऊन गप्प उभी होती. ती शांतता मला शिव्यांपेक्षा वाईट वाटली.

जेबची बायको केझिया म्हणाली, "हात लावा, सरकार. लोक त्यासाठीच थांबलेत."

आमच्याकडे समाचाराला आलेला माणूस प्रेताला हात लावतोच. लावला की मेलेला स्वप्नात येत नाही. आणि मारणाऱ्यानं लावला, तर प्रेताच्या जखमेतून रक्त वाहतं.

"अडाणी कुठले," साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. मग त्यांनी जेबच्या कपाळावर तळवा ठेवला. जखम कोरडीच राहिली. साहेब दाराकडे वळून हसले. "पाहिलंत? झालं समाधान?"

"हातमोज्यासकट?" केझिया हळूच म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा विटाळ होतो का तुम्हाला?"

दारातली माणसं एक पाऊल आत आली. साहेबांनी हातमोजा काढायला घेतला. तो निघेना. मी ओढला, तसा फाटला, आणि आतून भळभळ रक्त सांडलं. तळव्याला जखम नव्हती... ओरखडासुद्धा नव्हता.

"थॅकरे... पुस ना रे," साहेब म्हणाले. मी पुसत होतो, ते वाहत होतं.

मग पहिला दगड आला. साहेबांचा कान फुटला. कुणीतरी त्यांना केसाला धरून उंबऱ्यावर आपटलं. माझे दोन दात तिथंच पडले. तरी मी त्यांना ओढत बग्गीत कोंबलं. कसाही असो, धनी होता माझा. गाडीवानानं चाबूक मारून घोडे पळवले, तोवर काचा फुटून आमच्या मांडीवर आल्या होत्या.

बग्गीत साहेब बोटं मिटून तळवा छातीशी धरून बसले होते. बोटांच्या फटीतून धार चालूच होती.

"थॅकरे, तो शोषतोय रे..."

"कोण, सरकार?"

त्यांनी मूठ आणखी घट्ट आवळली. वाड्याच्या पायऱ्यांशी दार उघडलं, तेव्हा ते मेणासारखे पांढरे पडले होते. डॉक्टर म्हणाले, अंगात थेंब उरलेला नाही. मी फडकं घेऊन बग्गी धुवायला गेलो. बग्गी कोरडी होती. गादी, पायपुसणं, सगळं कोरडं.

दुसऱ्या दिवशी पुतण्या पडला, पण गावात कुणी त्याचा आनंद केला नाही. मी जेबच्या दफनाला गेलो. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? निदान माझ्या स्वप्नात तरी तो येऊ नये, म्हणून उघड्या हातानं त्याच्या कपाळाला शिवलो.

कपाळ गरम होतं. गालांवर लाली होती.

केझिया माझ्याकडेच बघत होती. शवपेटीचं झाकण धरलेली माणसंही.

"सकाळपासून असाच आहे," ती म्हणाली. "आता पुरायचा की नाही, थॅकरेदादा... तुम्हीच सांगा."