मागचं डावं चाक

पंक्चर एकदाच फुस्स होऊन मोकळं होत असेल तर माणूस सहन करतो हो. पण तिच्या गाडीचं मागचं डावं चाक महाचिवट. दिवसभर ठणठणीत पळायचं, आणि संध्याकाळी गाडी घराच्या कडेला, बाबांच्या खिडकीखाली लावली की सकाळी बसलेलं. मग ऐन ऑफिसच्या घाईत पायाने दाबायचा पंप काढायचा आणि चाकाला शिव्या घालत हवा भरायची. तिची लेक ठकी पायरीवर बसून मजा बघायची.

"आई, चाकालापण आजोबांसारखा दमा झालाय का गं?"

"हो, आणि हे रोज करून मलापण होणारे. ऊठ, दप्तर भर."

चाकाचं काहीतरी करणं भाग होतं, कारण बाबांचं काही खरं नव्हतं. फुप्फुसं जवळपास संपलीत, दम वाढला की ताबडतोब घेऊन या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऐन वेळी गाडी बसलेली असली तर? ती आणि ठकी बाबांच्याच खोलीत झोपायच्या, त्यांच्या श्वासाकडे कान लावून. संध्याकाळी बाबांना धड वाक्य पुरं करवत नसे. सकाळी मात्र स्वारी उशीला टेकून ताजीतवानी, वर चहाला उशीर झाला म्हणून कुरकुर!

एकदा ती लवकर घरी आली. चांगलं ऊन होतं. गाडीतून उतरताना तिला बारीक आवाज ऐकू आला, म्हणून ती वाकली आणि चाकाला कान लावला. सूं... मग थांबलं. पुन्हा सूं... वर उघड्या खिडकीत बाबा श्वास ओढत होते. ते ओढत, तेव्हाच खाली सूं होई. ते खोकले की खालचं थांबे. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला. शिकलीसवरलेली बाई, आणि हे काय भलतंच! तडक गाडीत बसली आणि पंक्चरवाल्याकडे गेली.

त्याने चाक काढलं, पाण्याच्या टाकीत बुडवून फिरवून फिरवून पाहिलं. एक बुडबुडा नाही. व्हॉल्ववर थुंकी लावून पाहिली. तिथेही काही नाही. तो वैतागला.

"ताई, रात्रभर गाडी इथेच राहू द्या. सकाळी बघू, हवा जाते कुठे ती."

ती चालत घरी आली. जेवणं झाल्यावर नेहमीसारख्या गाद्या घालायला लागली, तर बाबांनी हाताने थांबवलं.

"गाडी... नाही ना आज?"

"नाही. उद्या मिळेल."

"मग तुम्ही दोघी इथे नका झोपू. पलीकडे जा. आणि दार लावून घे... बाहेरून."

"काहीतरीच काय बाबा! रात्री दम लागला तर?"

"लागू दे." ते ठकीकडे बघत होते. "ऐक माझं. एवढं ऐक."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की तिने ऐकलं. बाहेरून कडी लावली.

सकाळी तिने कडी काढून दार ढकललं तर ते अडलं. बाबांनी आतून फटीत टॉवेल गच्च कोंबला होता. आधाराशिवाय दोन पावलं न टाकणारा माणूस दारापर्यंत कधी आला, कसा आला, कोण जाणे. खिडकीही बंद केलेली. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते, आणि ते गेले होते. कडी आपणच लावली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

दोन दिवसांनी गाडी आणायला गेली, तर पंक्चरवाला म्हणाला, "चाक एकदम ओके आहे ताई. तसूभर हवा गेली नाही."

पुढे कित्येक महिने चाकातली हवा गेली नाही. पंप माळ्यावर गेला. तिला मात्र जिना चढताना धाप लागायला लागली. मग बोलताना. डॉक्टर म्हणाले, वडिलांचंच आहे, रक्तात असतं हे. रात्ररात्र ती ठकीशेजारी उठून बसायची.

आणि एका सकाळी तिला छान, मोकळं वाटलं. छाती भरून श्वास येत होता. गुणगुणत ती ऑफिसला निघाली. गाडी आता पुढच्या अंगणात, तिच्या खिडकीखाली असायची. पुढचं उजवं चाक बसलेलं होतं.

तिने माळ्यावरून पंप काढला आणि मुकाट्याने हवा भरली. संध्याकाळी ठकीचं अंथरूण उचलून बाबांच्या खोलीत घातलं.

"आजपासून तू इथे झोपायचं. आतून कडी लावायची, आणि मी हाक मारली तरी उघडायचं नाही."

ठकीने उशी छातीशी धरली. तिला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

"पण आई," ती म्हणाली, "आज गाडी आहे ना खिडकीखाली?"